पुरातत्त्वाची वाट : कान्हेरीपासून विद्यापीठापर्यंत

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली की त्यानंतरच्या एखाद्या रविवारी नववीच्या वर्गाला कान्हेरीला नेण्याची आपल्या शाळेची प्रथा आहे. बोरिवली स्थानकाबाहेर मुलांची रांग, राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून आत जाणारा जंगलातला रस्ता, पायऱ्यांखाली मुलांची मोजणी, चैत्यगृहात वंदना आणि नंतर झाडाखाली उघडलेले डबे, हा क्रम माजी विद्यार्थ्यांना पाठ असेल. दोन वर्षांपूर्वीच्या सहलीत परतीच्या मोजणीला एक मुलगी कमी भरली. शोधाशोध झाली. ती एका पाण्याच्या टाक्यापाशी उभी होती आणि वर कोरलेली अक्षरे वहीत उतरवून घेत होती. रागावण्याच्या तयारीने गेलेल्या शिक्षिकेला तिने विचारले, "बाई, हा शब्द ‘देयधम’च आहे ना?" वर्गाच्या भिंतीवरचा ब्राह्मीचा तक्ता तिने मनापासून पाठ केला होता. शब्द बरोबर होता.

पुढच्या पालकसभेत तिने आपल्याला पुरातत्त्व शिकायचे आहे असे सांगितले. तिचे वडील घाटकोपरला रिक्षा चालवतात. त्यांनी मुलीला विरोध केला नाही, आम्हांला एवढेच विचारले, "सर, दगड वाचून घर चालेल का, तेवढं सांगा."

त्या दिवशी आमच्यापाशी नीट उत्तर नव्हते. खरे तर असा विद्यार्थी आम्हांला पूर्वीही भेटला होता आणि त्याच्या बाबतीत आमचे चुकले होते. ती हकीकत लेखाच्या शेवटी येईलच. या वेळी चूक होऊ नये म्हणून आम्ही माहिती जमवली, जाणकारांशी बोललो, त्या मुलीबरोबर स्वतःही थोडे शिकलो. तेच येथे मांडत आहोत. घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर पालकांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

पुरातत्त्व म्हणजे काय?

पुरातत्त्व म्हणजे जमिनीतून मूर्ती आणि सोने काढणे, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात हे शास्त्र माणसाने मागे ठेवलेल्या वस्तूंवरून त्याचे जगणे समजून घेते. वस्तू कोणतीही असो, फुटक्या मडक्याची खापरी असो, जळालेले धान्य असो किंवा घराच्या जमिनीवरचा चुलीचा डाग असो, तिची किंमत ती कोठे, कोणत्या थरात आणि कशाच्या सोबतीने सापडली यावर ठरते. जागेवरून उचललेली वस्तू बरीचशी मुकी होते.

थरांचे तत्त्व मुंबईकरांना सहज कळेल. जुनी चाळ पाडून नव्या इमारतीचा पाया खणला जातो तेव्हा खड्ड्याच्या कडेकडे पाहावे. वर सिमेंटचा राडारोडा, त्याखाली मंगळुरी कौलांचे तुकडे, आणखी खाली चुन्याचा थर, मग काळी किंवा लाल माती आणि शेवटी मुरूम. सामान्यतः खालचे जुने, वरचे नवे. पण मध्येच कोणी खड्डा खणून त्यात कचरा टाकला असेल, तर आजच्या बाटलीचे झाकण शंभर वर्षांपूर्वीच्या थरात सापडू शकते. असा नंतरचा खड्डा मातीच्या रंगावरून आणि पोतावरून ओळखणे हे उत्खनकाचे खरे कौशल्य होय. म्हणूनच उत्खननात कुदळीपेक्षा लहान थापी, ब्रश, मोजपट्टी आणि वही यांचा वापर अधिक होतो.

राजांची नावे नसलेल्या माणसांचा इतिहासही या पद्धतीने उभा राहतो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन महाविद्यालयाने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, त्यांचे धान्य आणि मातीच्या कुंभांत घालून घराखाली पुरलेली लहान मुले उजेडात आणली. त्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. तरीही ते काय पेरत होते, काय खात होते आणि मेलेल्या लेकरालाही घरापासून दूर करीत नव्हते, हे आज आपल्याला माहीत आहे.

काळ ठरवण्यासाठी प्रयोगशाळाही मदतीला येते. कोळसा, हाड, बी अशा एकेकाळी सजीव असलेल्या पदार्थांतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण दर ५,७३० वर्षांनी निम्मे होते. उरलेल्या प्रमाणावरून वय काढता येते. ही तपासणी करणारी भारतातील पहिली प्रयोगशाळा १९६० च्या दशकात आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झाली. मात्र खडकात कोरलेल्या लेण्याचे वय या रीतीने निघत नाही, कारण दगड कधी सजीव नव्हता. तेथे अक्षरांचे वळण, शिल्पाची शैली आणि लेखातील राजाचे नाव यांचा आधार घ्यावा लागतो.

सोपाऱ्याचा धडा

पुरावा कसा वाचतात याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथील एका टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड उकरले आणि तो विटांचा स्तूप असल्याचे दाखवून दिले. भगवानलाल मूळचे जुनागढचे. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर फिरून शिलालेखांच्या नकला करता करता ते स्वतःच मोठे विद्वान झाले.

स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक होते आणि सर्वांत आत सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे काही तुकडे जपून ठेवलेले होते. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे अवशेष असावेत, असे मत भगवानलालांनी मांडले. सोबत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे होते आणि भोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती मांडलेल्या होत्या.

या ठिकाणी विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, तर मूर्तींची घडण त्यानंतर काही शतकांनीची. दोन्ही एकाच पेटीत कशी? म्हणजे स्तूप एकदा बांधला गेला, पुढे कधीतरी श्रद्धेने उघडला गेला आणि नव्या मूर्ती ठेवून पुन्हा बंद केला गेला असला पाहिजे. सोपाऱ्याला बौद्धांचा राबता इतका दीर्घकाळ टिकला होता. एक नाणे आणि आठ मूर्ती यांचा परस्परसंबंध नोंदला गेला म्हणूनच हे अनुमान शक्य झाले. कोणी नाणे बाजारात विकले असते आणि मूर्ती वेगवेगळ्या घरांत गेल्या असत्या, तर पुरावा तोच असूनही इतिहास उरला नसता. हे अवशेष पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत ठेवण्यात आले. त्याच वर्षी भगवानलालांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला.

कान्हेरीत कोण बोलते?

आपण सहलीला जातो तेव्हा बहुधा चैत्यगृह, तेथील उंच बुद्धमूर्ती आणि ‘दरबार’ म्हणून ओळखले जाणारे अकरावे लेणे पाहून परततो. एवढे पाहिल्याने डोंगर पाहून होत नाही. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेकांच्या दाराशी पाण्याचे टाके आहे. खडकावर पडणारे पावसाचे पाणी बारीक पन्हळींतून या टाक्यांत उतरवलेले आहे. भर उन्हाळ्यात एवढा संघ डोंगरावर कसा राहत होता, या प्रश्नाचे उत्तर या पन्हळींत आहे.

दुसरे उत्तर लेखांत आहे. ब्राह्मी लिपी कित्येक शतके कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याच्या लक्षात आले की सांचीच्या स्तूपावरील लहान लहान लेखांपैकी बहुतेकांच्या शेवटी तीच अक्षरे येतात. ही भक्तांच्या देणग्यांची नोंद असेल तर शेवटचा शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्याने केला. त्यातून ‘द’ आणि ‘न’ हाती लागले आणि लिपीची कुलपे उघडत गेली. कान्हेरीच्या अनेक लेखांत याच अर्थाचा ‘देयधम’, म्हणजे दिलेले दान, हा शब्द येतो. आमच्या विद्यार्थिनीने टाक्यापाशी ओळखला तो हाच.

दान देणारे कोण होते, ते पाहण्यासारखे आहे. सातवाहन राजाचे नाव येते, व्यापाऱ्यांची नावे येतात. पण तेवढीच नाहीत. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने येथे पाण्याचे टाके दिले. सोपाऱ्याच्या सामिक नावाच्या व्यापाऱ्यानेही टाके दिले. धेनुकाकट येथील एका उपासकाची कन्या सापा प्रव्रजित झाली होती. तिने आपली बहीण रतिनिका हिच्यासमवेत दान दिले. आणि कल्याणच्या नद नावाच्या लोहाराने एक वाट दिली. लेणे नव्हे, मूर्ती नव्हे, डोंगरावर चालायची वाट. त्याच्या ऐपतीत ते बसले असेल, किंवा त्याच्या छिन्न्यांनीच ती फोडली असेल. लेख तेवढे सांगत नाही. लोहाराचे नाव मात्र सुमारे दोन हजार वर्षे टिकले.

वस्तीतल्या आमच्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकात आपल्यासारखी कष्टकरी माणसे क्वचितच नावानिशी भेटतात. कान्हेरीच्या खडकावर ती भेटतात. पुरातत्त्वाची ओढ आमच्या विद्यार्थिनीला कशामुळे लागली असे विचारल्यावर तिने याच लोहाराचे नाव घेतले.

हे लेख आपल्यापर्यंत सुखासुखी पोहोचलेले नाहीत. ऊन-पावसाने झिजलेल्या अक्षरांवर ओला कागद ठोकून, शाई लावून ठसे घ्यावे लागतात आणि मग एकेका अक्षराचा महिनोन् महिने विचार करावा लागतो. डेक्कन महाविद्यालयातील विदुषी डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीचे लेख एकत्र अभ्यासून १९९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. डोंगराच्या एका कडेला कपारीत विटांचे लहान स्तूप होते. त्यांवरील त्रोटक लेख त्यांनी वाचले, तेव्हा ही दिवंगत थेर-भिक्खूंची स्मारके असल्याचे स्पष्ट झाले. पुरातत्त्व हे पुरुषांचे, रानावनात हिंडणाऱ्यांचे क्षेत्र, असे म्हणणाऱ्या पालकांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

उपनगरांत पाहण्यासारखे

आपण राहतो ती उपनगरे जुन्या साष्टी बेटावर वसलेली आहेत आणि शिकण्याची साधने तिकिटाच्या अंतरावर आहेत. अंधेरीच्या महाकाली, म्हणजेच कोंडिविटे लेण्यांत नवव्या क्रमांकाच्या लेण्याच्या आत दगडात कोरलेली गोल झोपडी आहे आणि तिच्यात स्तूप आहे. बिहारमधील बराबरच्या डोंगरातील लेण्याशी तिचे साम्य विद्यार्थ्याने चित्रे शेजारी ठेवून पाहावे. बोरिवलीचे मागाठाणे हे नाव कान्हेरीच्या लेखातील भूमिदानाच्या उल्लेखात ओळखता येते. तेथील बौद्ध लेणी आज घरांच्या गर्दीत कशीबशी उरली आहेत. एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. कांदिवली परिसरात टॉड नावाच्या अधिकाऱ्याने अश्मयुगीन हत्यारे शोधून १९३९ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. अलीकडच्या वर्षांत मुंबई विद्यापीठ आणि पार्ल्याचे साठ्ये महाविद्यालय यांच्याशी संबंधित अभ्यासकांनी साष्टीचे गल्लोगल्ली फिरून सर्वेक्षण केले, त्यांत विद्यार्थ्यांचाही सहभाग होता.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्हांला आवश्यक वाटते. आपल्या मुलांना प्रत्येक लेणे बौद्धच वाटते. जोगेश्वरी आणि मंडपेश्वर ही लेणी शैव आहेत आणि मंडपेश्वराचा पोर्तुगीज काळात चर्च म्हणून वापर झाला. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली भेट देणाऱ्या पारशी मंडळींनी पहलवी भाषेत आपली नावे कोरली आहेत. पुरावा आपल्या बाजूचा असला म्हणजे स्वीकारायचा आणि नसला म्हणजे झाकायचा, ही रीत या शास्त्रात चालत नाही. केवळ ऐकीव आहे किंवा परंपरेने चालत आले आहे म्हणून काही मानू नका, हा कालाम सुत्तातील उपदेश आपण मुलांना शिकवतो. पुरातत्त्वात तो रोज आचरावा लागतो.

शाळेत असतानाची तयारी

पहिली तयारी भाषेची. महाराष्ट्रात माध्यमिक शाळेत पाली हा विषय घेता येतो. आपल्या शाळेत तो गुणांसाठी घेतला जातो, तो वाचनासाठी घ्यावा. लेण्यांतील प्राकृत पालीच्या फार जवळची आहे. ब्राह्मीची अक्षरे एका महिन्यात ओळखता येतात. ‘क’ म्हणजे अधिकचे चिन्ह, ‘थ’ म्हणजे वर्तुळात टिंब. येथून सुरुवात करावी. अशोककालीन वळणे आधी, सातवाहनकालीन नंतर.

दुसरी तयारी हाताची. मोजून, प्रमाणात चित्र काढता आले पाहिजे. आम्ही मुलांना प्रथम वसतिगृहाची पाण्याची टाकी मोजून तिचा आराखडा आणि छेद काढायला लावतो. ते जमले की कान्हेरीचे टाके. नकाशा आणि समोच्चरेषा वाचणे, दिशा ओळखणे, छायाचित्रात मोजपट्टी ठेवणे या गोष्टी भूगोल-गणिताच्या तासालाच शिकता येतात. गणित-विज्ञानाचा कंटाळा म्हणून पुरातत्त्वाकडे येणाऱ्याची येथे लवकर निराशा होते.

तिसरी तयारी नोंदवहीची. तारीख, वेळ, ठिकाण, काय पाहिले, काय वाटले. आणि ‘पाहिले’ व ‘वाटले’ यांच्यासाठी वेगळी पाने. सुट्टीत गावी गेल्यावर जुनी विहीर, वीरगळ, शेताचे नाव, आजीने सांगितलेली हकीकत टिपावी. आपल्या वस्तीतील बुद्धविहार कधी बांधले, विटा कोणी वाहिल्या, वर्गणीची वही कोणाकडे आहे, याची नोंद करणे हाही चांगला सराव आहे. ती वही म्हणजे आजचा ‘देयधम’च होय.

आणि एक निर्बंध. कोणत्याही प्राचीन स्थळावरून खापरी, वीट किंवा दगड उचलू नये, लेखावर खडू फिरवू नये, स्वतः खणू नये. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकाची नासधूस हा गुन्हा आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खडकावर आपले नाव कोरणारा विद्यार्थी त्या लोहाराच्या नावावर घाव घालत असतो.

दहावीनंतर

दहावीनंतर कला शाखा घेतल्यास इतिहास आणि भाषा लवकर हाती येतात. पण विज्ञान किंवा वाणिज्य घेतले म्हणून दार बंद होत नाही. मुंबईत सेंट झेवियर्स आणि पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयात ‘प्राचीन भारतीय संस्कृती’ हा पदवीचा विषय शिकवला जात आला आहे. तो न मिळाल्यास इतिहास, पाली, संस्कृत, भूगोल किंवा भूशास्त्र यांपैकी काहीही चालेल. विद्याविहारच्या सोमय्या संकुलात बौद्ध अध्ययनाचे आणि मुंबई विद्यापीठात पालीचे शिक्षण मिळते. घाटकोपर-मुलुंडच्या विद्यार्थ्याला हे लोकलच्या अंतरावर आहे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याचे डेक्कन महाविद्यालय हे देशातील अग्रगण्य केंद्र. तेथे पुरातत्त्वाच्या एम. ए. ला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य असते. नागपूर विद्यापीठात आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही या विषयाचे जुने विभाग आहेत. त्यापुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडा येथील संस्थेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका आहे. तिला पुरातत्त्वाप्रमाणेच प्राचीन इतिहास, मानवशास्त्र, संस्कृत, पाली, प्राकृत अशा विषयांचे एम. ए. झालेले विद्यार्थी पात्र ठरत आले आहेत. पाली शिकून पुढे काय, असे विचारणाऱ्यांसाठी हेही एक उत्तर आहे.

घर चालेल का?

आता त्या रिक्षाचालक वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. खरे उत्तर असे की चालेल, पण लवकर नाही आणि प्रत्येकाचे याच एका नोकरीवर नाही. १८६१ मध्ये स्थापन झालेले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे मोठे नियोक्ते. त्याच्या मुंबई मंडळाचे कार्यालय शीवच्या किल्ल्यावर आहे. राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारखी संग्रहालये, महाविद्यालये आणि विद्यापीठे ही पुढची ठिकाणे. सरकारी जागा मर्यादित असतात आणि जाहिराती दरवर्षी निघतीलच असे नाही. प्राध्यापकीसाठी नेट परीक्षा द्यावी लागते. तिच्यात पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे आणि वरच्या गुणांना संशोधनवृत्ती मिळते.

म्हणून जोडीला एक हुन्नर असावा, असा आमचा सल्ला आहे. मोजणी आणि आरेखन, संगणकीय नकाशे, छायाचित्रण, वस्तूंचे रासायनिक जतन, लिपी आणि भाषा यांपैकी एकात हात बसलेला असला की उमेदवारीच्या वर्षांत अडत नाही. खर्चासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पीएच. डी. च्या संशोधनासाठी पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. नियम आणि मुदती बदलत असतात. त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा. दाखला उशिरा मिळाल्यामुळे वर्ष गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

अडचण पैशाची असते तशी मानाचीही असते. हुशार मूल कला शाखेला गेले की नातेवाईक हळहळतात. बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राबद्दल आणि कायद्याबद्दल आपण नेहमी बोलतो. पण १९४६ आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेले शूद्रांच्या व अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचे त्यांचे दोन ग्रंथ हे प्राचीन भारताच्या इतिहासाचे संशोधन आहे. आपला भूतकाळ दुसऱ्यांनी वाचून सांगावा आणि आपण तो ऐकावा, हे त्यांनी मानले नाही. त्यासाठी साधने शिकावी लागतात, वर्षे द्यावी लागतात. त्या कामाला आपल्या वस्त्यांतून माणसे गेली पाहिजेत.

आमची चूक

आरंभी उल्लेखिलेली हकीकत अशी. बऱ्याच वर्षांपूर्वी वसतिगृहात मुलुंडचा एक मुलगा होता. जवळ चाललेल्या एका बांधकामाच्या पायातून निघालेल्या मातीच्या ढिगाऱ्यातील खापऱ्या तो जमवी. बुटाच्या खोक्यात कापूस घालून त्या ठेवलेल्या असत आणि प्रत्येकीला त्याने चिठ्ठी चिकटवलेली होती. वार्षिक तपासणीआधीच्या साफसफाईत आम्ही ते खोके कचरा म्हणून टाकून दिले. त्या खापऱ्या जुन्या होत्या की कालपरवाच्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पण चिठ्ठ्यांवर तारीख आणि ठिकाण लिहिलेले होते, आणि शास्त्र म्हणतात ते त्यातच होते. मुलगा रडला नाही. त्याने पुन्हा काही जमवलेही नाही. दहावीनंतर त्याला ‘खात्रीच्या’ मार्गाला लावणाऱ्यांतही आम्ही होतो. तो आज चांगल्या नोकरीत आहे आणि शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला येतो. या लेखाचे कळल्यावर तो एवढेच म्हणाला, "सर, या मुलीची वही तरी जपा."

ती वही आम्ही जपली आहे. ग्रंथालयातील एक कपाट अशा नोंदवह्या, आराखडे आणि ठिकाणांच्या छायाचित्रांसाठी राखून ठेवले आहे. मुलीने अकरावीला कला शाखेत प्रवेश घेतला असून पालीचा अभ्यास चालू ठेवला आहे. रविवारी ती लहान मुलांना ब्राह्मी शिकवायला येते. तिच्या वडिलांनी होकार दिला आहे, मात्र एका अटीवर: बारावीपर्यंत संगणकाचा एखादा अभ्यासक्रम पुरा झाला पाहिजे. अट आम्हांला योग्य वाटते.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना एक विनंती. आपल्यापैकी कोणी मोजणी खात्यात, बांधकामात, छायाचित्रणात, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात काम करीत असतील, तर वर्षातला एक रविवार या मुलांना द्यावा. मोजपट्टी कशी धरावी, लेव्हल कशी लावावी, जुना कागद कसा हाताळावा, एवढे शिकवले तरी पुरे. पुढची सहल वर्षावासानंतर, नेहमीप्रमाणे, बोरिवली स्थानकावरून सकाळी सात वाजता निघेल. मोजणीला आम्हांला जास्तीची माणसे लागतीलच, कारण टाक्यापाशी रेंगाळणारी मुले आता वाढली आहेत.